तालुक्याचं मेडिकल: लायसन्स, रजिस्टर, फ्रीज आणि काउंटरवरची चिठ्ठी

दुधना
बाजाराच्या मोठ्या गावात आजारी माणूस पहिल्यांदा मेडिकलच्या काउंटरवर येतो. प्राथमिक आरोग्य केंद्र पाच-दहा किलोमीटर लांब असतं आणि रात्री नऊला उघडं असतं ते मेडिकलच. या दुकानाला कोणते नियम लागतात, ते का केलेत आणि पाळताना कुठं अडतं, हे एका जागी यावं म्हणून हा धागा.

सुरुवातीचे प्रश्न: लायसन्स कोणतं आणि जागा किती? फार्मासिस्ट जागेवर नसताना काय करायचं? चिठ्ठीशिवाय काय देता येतं? ग्राहकानं स्वस्त ब्रँड मागितला तर बदलून देता येतो का? मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात औषधं टिकवायची कशी? अनुभवाच्या गोष्टी नकोत. नियम, आकडा, पद्धत लिहा.

तेरणाकाठ
लायसन्सपासून सुरू करतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. किरकोळ विक्रीसाठी अर्ज फॉर्म १९ मध्ये करायचा, परवाने मिळतात फॉर्म २० आणि फॉर्म २१ मध्ये. २१ कशासाठी, हा प्रश्न नेहमी येतो. इन्सुलिन, लसी, सीरम यांसारखी शेड्यूल (नियमांना जोडलेली औषधांची यादी) सी आणि सी१ मधली औषधं त्यावर येतात. दोन्ही एकदमच काढा. शेड्यूल एक्स ठेवायचं असेल तर फॉर्म २०एफ वेगळा. होलसेलचे २०बी आणि २१बी.

जागा किमान १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. किरकोळ आणि होलसेल एकत्र करायचं असेल तर १५. फ्रीज लागतोच. अर्जाला जागेचा नकाशा, भाडेकरार किंवा मालकीचा कागद, फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र आणि संमती, फ्रीजचं बिल हे सगळं जोडतात. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाचे औषध निरीक्षक जागा बघून जातात. इथं बहुतेक वेळा अडतं ते नकाशा आणि प्रत्यक्ष गाळा यांत फरक निघाल्यामुळं. गाळ्याची आतली मापं घ्या. मधे भिंत, जिना किंवा खांब असेल तर तेवढी जागा वजा होते.

आता ज्यात जुने दुकानदारसुद्धा फसतात ते. ऑक्टोबर २०१७ पासून लायसन्सचं नूतनीकरण बंद झालं, लायसन्स कायम राहतं. पण दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे लायसन्स चालू ठेवण्याची फी, भरावी लागते. फॉर्म २० चे १५०० आणि २१ चे १५०० असे ३००० रुपये. तारीख चुकली तर दरमहा २ टक्के उशीर शुल्क, म्हणजे ३००० वर महिन्याला ६० रुपये. रक्कम इतकी छोटी की कुणी मनावर घेत नाही. मात्र ही सवलत सहा महिनेच आहे. त्यानंतर लायसन्स आपोआप रद्द झालं असं धरतात, आणि त्यापुढची प्रत्येक विक्री विनापरवाना ठरते. त्याला किमान तीन वर्षं कैद आणि किमान एक लाख दंड आहे. कार्यालयाच्या पत्राची वाट बघत बसू नका. फीची तारीख लायसन्सच्या फ्रेमवरच मोठ्या अक्षरात चिकटवा.

फार्मासिस्ट_परभणी
तेरणाकाठ भाऊ, फार्मासिस्टचा मुद्दा मी घेते.

फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ प्रमाणं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जायला हवं. मालक वेगळा असू शकतो, मालकाला डी.फार्म. असण्याची गरज नाही. पण काउंटरवर चिठ्ठी वाचणारा माणूस नोंदणीकृतच पाहिजे. नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडं होते आणि तिचं नूतनीकरण वेगळं असतं. दुकानाचं लायसन्स चालू आणि फार्मासिस्टची नोंदणी संपलेली, ही चूक तपासणीत वारंवार निघते.

भिंतीवरचं प्रमाणपत्र एकाचं आणि काउंटरवर माणूस दुसराच, याला आपल्याकडं ‘सर्टिफिकेट भाड्यानं’ म्हणतात. यात लायसन्स आणि नोंदणी दोन्ही जातात. आणि चुकीची मात्रा गेली तर जबाबदारी भिंतीवरच्या नावाचीच. डी.फार्म. झालेल्या मुलामुलींनी महिन्याच्या चार-पाच हजारांसाठी हा धोका घेऊ नये, हे मी कळकळीनं सांगते.

फार्मासिस्टनं नोकरी सोडली तर बदल महिन्याच्या आत कळवायचा. नवा रुजू होईपर्यंत चिठ्ठीवरची विक्री बंद. सोडणाऱ्यानं स्वतःही कार्यालयाला पत्र देऊन पोच घ्यावी, नाहीतर कागदावर तो तिथंच राहतो. जेवायला किंवा बँकेत जायचं असेल तर ‘फार्मासिस्ट जागेवर नाही, चिठ्ठीवरची औषधं अमुक वाजता मिळतील’ अशी पाटी लावा. लोक थांबतात.

भागीदारी बदलली, भागीदार वाढला किंवा गेला, तर जुनं लायसन्स बदलाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन महिने चालतं. तेवढ्यात नवं घ्यावं लागतं. वडिलांच्या नावावरचं दुकान मुलानं तसंच पुढं चालवणं हाही यातलाच प्रकार.

कयाधू
चिठ्ठीशिवाय काय देता येतं ते कुणीतरी सोपं करून सांगा. पाकिटावर लाल रेघ असते, काहींवर लाल चौकट असते. दोन्हींत फरक काय?

फार्मासिस्ट_परभणी
पाकीट हातात घेऊन बघा, दादा.

‘Rx’ खूण आणि लाल रेघ असेल तर साधारण शेड्यूल एच. चिठ्ठी लागतेच. बीपी-शुगरच्या बहुतेक गोळ्या, बहुतेक अँटिबायोटिक यात.

लाल चौकटीत इशारा छापलेला असेल तर एच१. हे शेड्यूल १ मार्च २०१४ पासून लागू आहे. वरच्या पिढीची अँटिबायोटिक, टीबीची औषधं, आणि सवय लागणाऱ्या गोळ्या: अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल, कोडीन. चिठ्ठी तर हवीच, शिवाय वेगळं रजिस्टर. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव आणि दिलेली संख्या लिहायची. रजिस्टर तीन वर्षं जपायचं.

एक्स म्हणजे केटामाइन, मिथाइलफेनिडेट वगैरे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानात दोन वर्षं ठेवायची, माल कुलपात. खेड्यातल्या दुकानाला हे सहसा लागत नाही.

लाल रेघ नाही आणि ‘Rx’ नाही, ते चिठ्ठीशिवाय: पॅरासिटामॉल ५००, ओआरएस, अँटासिड, पट्ट्या, जंतुनाशक. मात्र सर्दीच्या अँटिहिस्टामिन गोळ्यांवर शेड्यूल जी चा सावधानतेचा मजकूर असतो, म्हणून ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल चालवणाऱ्याला ‘झोप येते’ हे सांगूनच द्यायच्या.

संभाजीनगर शहरात ज्यांना ‘बटन’ म्हणतात त्या नशेच्या गोळ्या याच एच१ मधल्या. रजिस्टर नीट असेल तर गिऱ्हाइकाला नाही म्हणणं सोपं जातं: ‘चिठ्ठी दाखवा, नाव लिहायचंय.’ नशेसाठी आलेला इथंच परत फिरतो. एकाच डॉक्टरांच्या नावाच्या, एकाच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या घेऊन वेगवेगळी मुलं येऊ लागली तर त्या दवाखान्यात फोन करून खात्री करा. टीबीच्या औषधांची नोंद मार्च २०१८ पासून निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी प्रणालीतही कळवायची आहे. त्या नोंदीमुळंच औषध मधे सोडलेल्या रुग्णाचा शोध लागतो.

आणि गजकर्णाच्या क्रीमबद्दल. उन्हाळ्यात घामानं मांड्यांत, कमरेला गजकर्ण होतं आणि लोक ‘ती तीन औषधांची ट्यूब’ मागतात. तिच्यातलं स्टेरॉइड खाज दोन दिवसांत थांबवतं, पण बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होते आणि पुढं साधं औषधही लवकर लागू पडत नाही. बरीच स्टेरॉइड क्रीम २०१८ मध्ये शेड्यूल एच खाली आणली ती यासाठीच. चिठ्ठीशिवाय ती ट्यूब देऊ नका. मागणी कितीही असो.

कयाधू
आभारी आहे, ताई. मग आमच्याकडं वाडीवर किराणा दुकानात गोळ्या मिळतात, ते चालतं का?

तेरणाकाठ
शेड्यूल के मध्ये तशी सूट आहे, पण अटी कडक. गावाची लोकसंख्या एक हजाराच्या आत हवी. ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर अशी घरगुती औषधंच. त्यात जी, एच किंवा एक्स मधला घटक नको. मूळ सीलबंद पाकिटात, आणि परवानाधारकाकडून घेतलेली. किराणा दुकानात अँटिबायोटिक किंवा दुखण्याच्या रंगीत गोळ्यांच्या पुड्या बांधून मिळत असतील तर ती सूट नाही, तो गुन्हा आहे. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

मांजरा_लातूर
ब्रँड बदलण्याच्या प्रश्नावर माझं मत. घटक तोच, मात्रा तीच, तर स्वस्त कंपनीची गोळी द्यायला हरकत नसावी. ऐपत नसलेला माणूस औषध न घेताच परत जातो, त्यापेक्षा बरं.

नमुना_पस्तीस
मांजरा भाऊ, भावना बरोबर आहे, पण नियम तसा नाही. १९४५ च्या नियमांतला नियम ६५ (११अ): एच, एच१ किंवा एक्स मधलं औषध चिठ्ठीवर असेल तर त्याऐवजी दुसरी तयारी देता येत नाही, घटक तोच असला तरी. ब्रँडचं नाव लिहिलेलं असेल तर तोच ब्रँड. डॉक्टरांनी घटकाचं नाव लिहिलं असेल तर त्या घटकाची कोणतीही कंपनी चालते.

रस्ता असा काढायचा. ग्राहकासमोर डॉक्टरांना फोन करा, त्यांची संमती घ्या, आणि शक्य असेल तर रुग्णाला परत पाठवून चिठ्ठीवर बदल आणि सही घ्या. दवाखाना समोरच असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांत तर डॉक्टरांना न विचारता बदल करूच नका. यांत मात्रेतला थोडा फरकही अंगावर येतो.

जनऔषधी केंद्रालाही हीच लायसन्सं आणि हाच फार्मासिस्टचा नियम लागतो. तिथं घटकाच्या नावानंच माल असतो, त्यामुळं चिठ्ठीवर घटकाचं नाव असलं की काम सोपं. ग्राहकानं दवाखान्यातच ‘डॉक्टरसाहेब, औषधाचं मूळ नाव लिहा’ एवढं म्हणावं.

मांजरा_लातूर
मान्य. नियम माहीत नव्हता असं नाही, पण (११अ) इतका स्पष्ट आहे हे ध्यानात नव्हतं.

सिंदफणा
आमच्या बाजूचा प्रश्न वेगळा आहे. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत. बीपी-शुगरच्या गोळ्या पाच-सहा महिन्यांच्या एकदम मागतात. चिठ्ठी मात्र एक महिन्याची असते. द्यायच्या का? आणि इन्सुलिनवाल्यानं फडावर काय करायचं? तिथं कोपीत फ्रीज नाही.

फार्मासिस्ट_परभणी
नियमानुसार चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-पत्ता, तारीख, मात्रा आणि औषधाची एकूण संख्या असायला हवी. पुन्हा द्यायची असेल तर डॉक्टरांनी तसं लिहायला हवं. लिहिलं नसेल तर चिठ्ठी एकदाच चालते, आणि दिल्यावर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख तिच्यावर टाकायची. म्हणून काम टोळी निघायच्या आधीच करायचं. मुकादमानं उचल वाटताना औषधवाल्यांची यादी केली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच आरोग्य केंद्रात बीपी-शुगर तपासून घेतली, तर डॉक्टर ‘दर महिन्याला ३० गोळ्या, सहा वेळा’ असं लिहून देऊ शकतात. मग ती चिठ्ठी सांगली-कोल्हापूरकडच्या दुकानातही चालेल. सहा महिन्यांचा साठा कोपीत ठेवण्यापेक्षा हे चांगलं, कारण उन्हात, ओलाव्यात गोळ्या खराब होतात. चिठ्ठीवर घटकाचं नाव असावं, तिकडं इकडचा ब्रँड मिळेलच असं नाही.

इन्सुलिनचं: न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत. वापरातली बाटली २५-३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. फडावर दोन मडकी घ्या, एक मोठं, एक लहान. मधल्या जागेत वाळू भरून ती दिवसातून दोनदा ओली करा. बाटली झाकणाच्या डबीत, डबी कोरड्या पिशवीत, मग आतल्या मडक्यात, आणि वरून ओलं फडकं. सावली आणि वारा लागतोच. कोरड्या हवेत हे छान गार राहतं, पावसाळी दमट हवेत कमी. बर्फात बाटली कधीही ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला नीट दिसतं, पण कामाचं राहत नाही.

आणि हे प्रत्येक वेळी सांगायचं: सुई टोचायचं विसरलं तरी चालेल असं नाही, पण जेवण चुकलं तर इन्सुलिन तसंच घेऊ नका. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी आली तर लगेच साखर किंवा गूळ, आणि मुकादमाला कळवा. पहाटे चारला तोड सुरू होते, जेवण दहाला. वेळेचा हा फरक डॉक्टरांना आधी सांगितलाच पाहिजे.

दुधना
हे सगळ्या बीड-धाराशिव पट्ट्यातल्या दुकानांत लावण्यासारखं आहे, ताई. आता दुकानातल्या फ्रीजचं आणि उन्हाळ्याचं सांगा.

तेरणाकाठ
घरगुती फ्रीज चालतो, पण वापर शिस्तीनं. आत थर्मामीटर, सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत. दारात इन्सुलिन ठेवू नका, दार उघडलं की तिथं आधी ऊब येते. मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथं गोठतं. फ्रीजरच्या लगेच खालचा कप्पाही नको. खालच्या भाजीच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, लाइट गेली की त्याच गारवा धरतात. लाइट गेल्यावर दार उघडायचं नाही. लांब भारनियमन असेल तर थर्माकोलचा डबा आणि आइस पॅक तयार ठेवा, मात्र आइस पॅक आणि बाटली यांच्यात कागद किंवा पुठ्ठा घाला. फ्रीजमध्ये दूध, थंड पाणी विकायला ठेवलेलं दिसलं तर निरीक्षक ते लिहूनच घेतात.

मे महिन्यात परभणी-नांदेड-जालन्याकडं बाहेर ४२-४४ अंश असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. बहुतेक पाकिटांवर ‘३० अंशांखाली’ किंवा ‘२५ अंशांखाली’ असं छापलेलं असतं. एसी किंवा निदान फॉल्स सीलिंग आणि पश्चिमेच्या काचेला पडदा, एवढं हवंच. आधी खराब होतं ते असं: मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, सपोझिटरी वितळतात, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकच्या गोळ्या ओलावा लागला की पिवळ्या-तपकिरी होतात. त्या रंगाची गोळी द्यायची नाही. कूलर मात्र औषधाच्या दुकानात नको, तो हवेत ओलावा घालतो.

नमुना_पस्तीस
तपासणीचा भाग लिहितो, भीती तिथंच जास्त असते.

निरीक्षक आले की फॉर्म ३५ ची तपासणी वही मागतात. ती दुकानातच ठेवा. खरेदीची बिलं, विक्रीची बिलं, एच१ रजिस्टर, एक्स्पायरीचा माल. मुदत संपलेला माल वेगळ्या खोक्यात, ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहून. शेल्फवर एकच संपलेलं पाकीट निघालं तरी ते विक्रीसाठी होतं असंच धरलं जातं.

नमुना घेतला तर फॉर्म १७ ची सूचना देतात आणि वाजवी किंमत देऊ करतात. मालाचे सहसा चार भाग करून सील करतात: एक दुकानदाराला, एक शासकीय विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी, एक उत्पादकाला. अहवाल फॉर्म १३ मध्ये येतो. माल विकू नका असा आदेश फॉर्म १५ मध्ये देऊ शकतात, जास्तीत जास्त २० दिवसांसाठी. जप्तीची पावती फॉर्म १६. हे कागद मागून घ्या. तुमचा हक्क आहे.

नमुना अप्रमाणित निघाला तर किरकोळ दुकानदाराला वाचवणारं १९४० च्या कायद्याचं कलम १९(३) आहे. माल परवानाधारकाकडून घेतला, दोष माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि साठवण नीट होती, माल होता तसाच राहिला, हे तीन दाखवता आलं पाहिजे. पहिलं सिद्ध होतं बिलावरून, आणि बिलावर बॅच नंबर नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून एजन्सीचा माल आला की बिल आणि खोक्यावरचा बॅच नंबर तेव्हाच ताडून घ्या. ‘बिल नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याचा माल तोपर्यंत शेल्फवर लावायचा नाही. दहा टक्के जादा सूट देऊन बिनबिलाचा माल देणारा आला, तर नकली औषध गावात येतं ते याच रस्त्यानं. तिसरं सिद्ध होतं तापमानाच्या वहीवरून. तेरणाकाठ भाऊंनी सांगितलेली वही त्यासाठीच.

मोठ्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे. स्कॅन केल्यावर येणारी बॅच आणि पाकिटावरची बॅच जुळते का बघा.

लायसन्स निलंबित किंवा रद्द केलं तर आधी कारणे दाखवा नोटीस येते. उत्तर मुदतीत आणि मुद्देसूद द्या. आदेशावर तीन महिन्यांत राज्य शासनाकडं अपील करता येतं.

कयाधू
ग्राहक म्हणून एक विचारतो. चार गोळ्या मागितल्या तर पूर्ण पाकीट घ्या म्हणतात. आणि जीएसटी कमी झाल्यावरही जुन्याच किमती का?

मांजरा_लातूर
सुटी गोळी देताना प्रमाणापेक्षा जास्त किंमत घेता येत नाही, हे किंमत नियंत्रण आदेश २०१३ मध्येच आहे. दहाचं पाकीट ८७ रुपयांचं, तर चार गोळ्यांचे ३४ रुपये ८० पैसे. कापताना बॅच आणि मुदत छापलेली कड दुकानाकडं ठेवायची, म्हणजे शेवटची गोळी जाईपर्यंत ती दिसते. तुम्हाला दिलेल्या तुकड्याची बॅच आणि मुदत बिलावर लिहून घ्या. अँटिबायोटिकच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी पाच दिवस लिहिले असतील तर दोन दिवसांच्याच नेऊ नका.

जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर १२ चा ५ टक्के झाला. जुन्या छपाईचं पाकीट असू शकतं, पण आकारणी सुधारित किमतीनंच व्हायला हवी. कंपनीची नवी यादी दुकानात असते, ती दाखवा म्हणा. सरकारी किंमत नियंत्रणाच्या यादीत असलेल्या औषधाची कमाल किंमत ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर दिसते.

सिंदफणा
शेवटचं एक. उन्हाळ्यात जुलाबाला ‘ओआरएस द्या’ म्हटलं की काही दुकानं गोड रसाचं खोकं देतात.

फार्मासिस्ट_परभणी
ते ओआरएस नाही, सिंदफणा भाऊ. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला मनाई केली. जास्त साखरेनं जुलाब वाढतात, लेकरू अजून सुकतं.

खरं पाकीट असं ओळखा: औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक असतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो आणि किती पाण्यात हे छापलेलं असतं. मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं, ते एक लिटर पाण्यात: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. लहान पाकीट २०० मिलीचं. अर्धं पाकीट अर्ध्या तांब्यात, हा हिशोब करू नका, मिश्रण सारखं पडत नाही. एक लिटरची बाटली मोजून घ्या. उकळून गार केलेलं पाणी, पूर्ण पाकीट एकदम, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. लहान लेकराला वाटीनं एकदम पाजू नका, चमच्यानं द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. सहा महिन्यांवरच्या लेकराला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम.

डोळे खोल गेलेत, लघवी सहा तासांत नाही, लेकरू सुस्त पडलंय किंवा शौचात रक्त दिसतंय, तर मेडिकलवरून काही देत बसू नका. १०८ ला फोन लावून द्या, आणि गाडी येईपर्यंत चमच्यानं ओआरएस चालू ठेवायला सांगा.